माळाची तब्येत



वडवणीत आपणा सर्वांचे मनापासून स्वागत. ही परिषद दिवाळीनंतर घ्यावी, अशी सूचना आली होती. पण तेव्हा आमची माणसे कोयते घेऊन उसाच्या फडावर गेलेली असतात. माळ ओळखणारेच मांडवात नसतील, तर माळाची चर्चा कुणाशी करायची?

सरकारदप्तरी आमचा माळ ‘पडीक’. त्यामुळे इलाजही ठरलेला: खड्डे खणा, गिरिपुष्प लावा, फोटो काढा. जणू इथले जंगल कुणी तोडून नेले होते! संशोधक दिग्विजय पाटील आणि आशिष नेर्लेकर यांनी २०२५ मध्ये जुन्या मराठी वाङ्मयातल्या आणि ओव्यांतल्या वनस्पती शोधल्या, तर हिवर, पळस असे उघड्या माळाचेच गणगोत जास्त निघाले. म्हणजे माळ जुनाच आहे.

मग त्याची तब्येत पाहायची कशी? आधी एक परके उदाहरण घेऊ. अमेरिकेच्या आग्नेय भागात लांब सुयांच्या पाइनची विरळ राने आहेत. तिथे दर दोन-चार वर्षांनी जमिनीलगतची आग फिरली नाही, तर झुडपे माजतात आणि गवत दबते. म्हणून पारख करणारा झाडे मोजून थांबत नाही. बुडाशी गवत किती, झुडूप किती, तेही पाहतो. आपल्याकडे गवताचे अभ्यासक दबडघाव आणि शंकरनारायण यांनी १९७३ मध्येच देशातल्या गवताळ भागांचे पाच प्रकार मांडले. दख्खनचे माळ त्यांतल्या पवन्या-मारवेल या गवतांच्या प्रकारात येतात. चराई बेसुमार झाली की आधी पवन्या हटतो, मग कुसळी पसरते, शेवटी जनावर तोंड लावत नाही असे हंगामी गवत उरते. हे आमच्या मेंढपाळांना पुस्तकाविना कळते. मेंढरू कुठे मान खाली घालते आणि कुठून नुसते पुढे जाते, एवढे पाहिले की झाले.

वणव्याचे मात्र जपून. परक्या रानाचे वेळापत्रक उचलून इथे काडी लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पेटलेल्या बांधापायी कडब्याची गंजी गेली, तर दावणीला काय घालणार? पण माळाला आग किती, चराई किती, विश्रांती किती, यावर इथे खुशाल भांडा. स्वागत समितीने चहा भरपूर ठेवला आहे.

उद्या सकाळी सातला गाड्या माळावर निघतील. सुती पायजमा टाळा, पायात बूट घाला. कुसळी सध्या पिकली आहे. कपड्यांत घुसलेले कुसळ ज्याचे त्याने वेचायचे, समिती जबाबदार नाही. अध्यक्षमहोदयांनी परिषदेची सूत्रे हाती घ्यावीत, ही विनंती.