किल्ली आणि पास

श्रोतेहो, डोंबिवलीहून ठाण्याला रोज लोकलने जाणाऱ्याला पासाचं महत्त्व वेगळं सांगायला नको. आजचा विषय संगणकाचा असला, तरी तो समजायला हा पास पुरेसा आहे.

मोबाइलवरचं एखादं अ‍ॅप दुसऱ्या कंपनीच्या संगणकाकडे काम सांगतं. ते सांगण्याची ठरलेली खिडकी म्हणजे 'एपीआय'. खिडकीपलीकडून आधी प्रश्न येतो, 'तू कोण?' मग अ‍ॅप अक्षरं आणि आकड्यांची एक लांबलचक गुप्त ओळ दाखवतं. ही त्याची किल्ली.

मी ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये प्रोग्रामर होतो. एकदा घाईघाईत एसएमएस पाठवणाऱ्या सेवेची किल्ली मी प्रोग्राममध्येच लिहिली आणि तो प्रोग्राम इंटरनेटवर सगळ्यांना दिसेल असा ठेवला. चूक कळताच ती ओळ पुसली. पण जुन्या नोंदी शिल्लक राहतात, आणि अशा किल्ल्या हुडकणारे प्रोग्राम रात्रंदिवस फिरत असतात. सकाळपर्यंत आमच्या खात्यातून हजारो अनोळखी लोकांना संदेश गेले होते. बिल मालकांनी भरलं. मला ते एका शब्दानं बोलले नाहीत, तेच जास्त लागलं. फुटलेली किल्ली पुसून भागत नाही. ती रद्द करून नवी घ्यावी लागते, हे त्या दिवशी शिकलो.

दुसऱ्याच्या वतीनं काम करायचं असेल, तर अ‍ॅपला किल्लीऐवजी पास देणं बरं. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या 'ओऑथ २.०' या पद्धतीत अ‍ॅपला तुमचा पासवर्ड कळत नाही, फक्त 'टोकन' मिळतं. पासावर कुठून कुठपर्यंत, कोणता वर्ग, कोणत्या तारखेपर्यंत हे असतं, टोकनचंही तसंच. त्याची मुदत पुष्कळदा तासाभराचीच असते. चोरीला गेलं तरी नुकसान आटोक्यात राहतं. पासच नसेल, तर संगणक '४०१' असं उत्तर देतो. सेकंडच्या पासावर फर्स्टच्या डब्यात शिरलात, तर '४०३'.

आपलं डिजिलॉकर याच पद्धतीनं चालतं. कंपनीला कागदपत्रं हवी असतील, तर ती तुम्हाला डिजिलॉकरच्या पानावर पाठवते. ओळख तिथं पटवायची आणि काय दाखवायचं, ते तिथंच वाचून मान्य करायचं. कंपनीनं स्वतःच्याच पानावर तुमचा डिजिलॉकरचा पिन मागितला, तर मात्र तिथंच थांबा. पास दाखवायला हरकत नाही. घराची किल्ली मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवावं.