तहकुबी म्हणजे सूट नव्हे
(बोईसर येथें खोलीवाले व भाडेकरी यांच्यापुढें केलेलें भाषण)



दुष्काळांत सरकारनें शेतसारा तहकूब केला म्हणजे काय होतें, हें शेतकऱ्याच्या पोराला शिकवावें लागत नाहीं. यंदाचा सारा पुढच्या सालीं भरावाच लागतो. सूट मिळाली तरच ओझें उतरतें. तहकुबीनें तें एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर जातें, आणि दोन्ही खांदे आपलेच! हीच गोष्ट घरभाड्याला लावून पाहा, एवढेंच सांगण्यास आम्ही उभे आहों.

ता. २५ मार्च २०२० पासून करोनाच्या सांथीमुळें देशभर टाळेबंदी झाली. तारापूर औद्योगिक वसाहतींतील पुष्कळ कारखाने थांबले, रोजंदारी बुडाली. पण महिना थांबला नाहीं. एक तारीख आली कीं भाडें आलेंच.

ता. २९ मार्च रोजीं केंद्राच्या गृहखात्यानें हुकूम काढला कीं, भाड्यानें राहणाऱ्या मजुरांकडे एक महिना भाडें मागूं नये. मजुरांस वा विद्यार्थ्यांस जागा सोडावयास जो मालक भाग पाडील, त्याच्यावर आपत्ती व्यवस्थापन कायद्याखालीं कारवाई व्हावी. ता. १७ एप्रिल रोजीं महाराष्ट्राच्या गृहनिर्माण खात्यानें सांगितलें कीं, भाडेवसुली निदान तीन महिने पुढें ढकलावी आणि त्या मुदतींत भाडें थकलें म्हणून कोणास बाहेर काढूं नये.

हुकूम चांगले होते. दार लावून घरांत बसा असें ज्याला सांगावयाचें, त्याचें दारच काढून घेतलें तर त्यानें बसावें कोठें? सांथींत माणसाला रस्त्यावर काढणें म्हणजे रोगाला गांवभर फिरविणें होय. भीतीच्या भरांत कित्येक ठिकाणीं डॉक्टर व परिचारिका यांनाही मालकांनीं खोली सोडण्यास सांगितलें. जी सावित्रीबाई फुले १८९७ सालीं प्लेगच्या रोग्यांची सेवा करतां करतां वारली, तिचें नांव घेणाऱ्या मुलखाला हें शोभलें नाहीं.

परंतु हुकुमाला दोन भोकें होतीं. पहिलें हें कीं, पुढें ढकललेलें भाडें फेडावयाचें कशांतून? तीन महिने मजुरी बुडालेल्या माणसानें चौथ्या महिन्यांत चार महिन्यांचे पैसे कोठून आणावे? मजुरी न कापतां द्यावी, असें केंद्राच्या त्याच हुकुमांत कारखानदारांना बजावलें होतें. पण तो हुकूम ता. १८ मे पासून अंमलांतून गेला. बाकी मात्र मजुराच्या नांवावर राहिली.

दुसरें भोक मालकाच्या बाजूचें. खोलीवाला म्हणजे दरवेळीं धनाढ्यच असतो असें नाहीं. उरल्यासुरल्या जमिनीच्या तुकड्यावर चार पत्र्याच्या खोल्या बांधून त्यांच्या भाड्यावर चूल पेटविणारा शेतकरीही खोलीवालाच. अणुवीज केंद्रासाठीं पोफरण व अक्करपट्टी हीं गांवें उठलीं. घर सुटणें म्हणजे काय, तें या किनाऱ्याला ठाऊक आहे. अशा माणसाला भाडें मागूं नको म्हटलें, पण त्याच्या चुलीवर काय शिजावें, याचा विचार झाला नाहीं. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवून सरकार दानशूर झालें! आणि खोलीवाला व भाडेकरी, दोघेही कष्टकरी, एकमेकांकडे डोळे वटारून पाहूं लागले.

अमेरिकेंतही सप्टेंबर २०२० मध्यें अशी बंदी झाली. ऑगस्ट २०२१ मध्यें तेथील सर्वोच्च न्यायालयानें ती उठविली. पण तेथील कायदेमंडळानें थकलेल्या भाड्यासाठीं खजिन्यांतून सुमारें ४६ अब्ज डॉलर मंजूर केले. पैसा पोंचावयास उशीर झाला. तरी तत्त्व खरें होतें. सांथ सर्वांची, तर तिचा खर्चही सर्वांचा.

आतां आपलें काम काय? भाडेकऱ्यांनो, दर महिन्याला पावती घ्या. ज्याच्या हातीं कागद नाहीं, तो भाडेकरी आहे हें सरकारला कोण सांगणार? १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा लेखी पावती व नोंदलेला करार मागतो. जेथें तो लागू नसेल, तेथेंही पावती मागण्याची बंदी नाहीं. खोलीवाल्यांनो, पावती देण्यास भिऊं नका. उद्यां नुकसानभरपाई मागण्याची वेळ आली, तर तोच कागद तुमचाही साक्षीदार होईल. आणि ग्रामपंचायतीला दोघांनींही सांगा, कोणत्या खोलींत कोण राहतो याची वही ठेवा. उत्तरेकडून आलेला असो कीं जव्हार-मोखाड्याहून उतरलेला असो, कोणाचेंही नांव वगळूं नका.

पुढची सांथ तारीख सांगून येणार नाहीं. ती येईल त्या दिवशीं दोघांनीं मिळून एकच मागावें: भाडेकऱ्याला तहकुबी नको, सूट द्या, आणि ती खोलीवाल्याच्या कणगींतून नको, सरकारच्या तिजोरींतून द्या.