शुश्रूषेतील ‘उद्या’

श्रोतेहो, घरात दीर्घकाळ आजारी किंवा वृद्ध माणूस असले, की ‘उद्या पाहू’ हे शब्द वारंवार कानी पडू लागतात. यास आळस म्हणणे अन्यायाचे होईल. रात्ररात्र जागणारी सून वा मुलगा आळशी नसतो. तपासणीत काय निघेल याचे त्यास भय वाटते. आणि काम इतके अफाट दिसते, की आरंभ कोठून करावा हेच उमगत नाही. परंतु रोग काही आपल्या धीराची वाट पाहत थांबत नाही.

लोधीखेड्याचे उदाहरण घ्या. २०२३ साली झालेल्या पांढुर्णा जिल्ह्यातील, सौंसरजवळचे हे गाव. नागपूरची मोठी रुग्णालये येथून तास-दीड तासाच्या वाटेवर आहेत. समजा, सायंकाळी वडिलांचे तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, बोलणे अडखळू लागले. मेंदूतील रक्ताची गुठळी विरघळविणारे औषध लक्षणे दिसल्यापासून सामान्यतः साडेचार तासांच्या आतच देता येते. आणि त्यापूर्वी मेंदूचा सीटी स्कॅन व्हावा लागतो. यातील दीड तास रस्त्यातच जावयाचा. ‘सकाळी नेऊ’ असे म्हटले, की उरलेला वेळही हातचा गेला! अशा वेळी लक्षण प्रथम केव्हा दिसले ते टिपून घ्यावे व १०८ क्रमांकावर तत्काळ रुग्णवाहिका मागवावी.

संथ आजारातही हाच न्याय लागू आहे. अंथरुणास खिळलेल्या माणसास साधारणतः दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते. माकडहाडावर वा टाचेवर आज दिसलेली लाली दुर्लक्षिली, तर तिची जखम होते, आणि ती भरून येण्यास महिने लागतात.

मग करावे काय? ‘आईची काळजी घ्यावयाची आहे’ हा संकल्प झाला. ‘बुधवारी दहा वाजता आईचे डोळे दाखवावयाचे आहेत’ हे काम झाले. संकल्पाचे असे काम करून, वार व वेळ घालून, ते भिंतीवरील दिनदर्शिकेवर लिहावे. सत्तरी ओलांडलेल्यांस २०२४ पासून उत्पन्नाची अट न ठेवता आयुष्मान कार्ड मिळू लागले. ते दुखणे येण्यापूर्वीच काढून ठेवावे.

आणखी एक गोष्ट आपण लांबणीवर टाकतो, ती म्हणजे मदत मागणे. ‘काही लागले तर सांगा,’ असे म्हणणाऱ्या भावास ‘रविवारची रात्र तू जाग,’ असे स्पष्ट सांगावे. शुश्रूषा करणाऱ्याने स्वतःचा रक्तदाबही तपासून घ्यावा. तोच अंथरुणास लागला तर रोग्यास कोण पाहणार?

आईबापांची सेवा चालू असता दारी आलेल्या विठोबास विटेवर उभे करणाऱ्या पुंडलिकाची कथा आपण जाणतोच. त्याने देवास थांबविले, सेवा थांबविली नाही. आपणही आज निजण्यापूर्वी, मनात रेंगाळत राहिलेले एक तरी काम हातावेगळे करावे, एवढीच माझी विनंती आहे.