चौथं वचन कुठं गेलं? मामाजींसाठी बायबल अभ्यासाचं सॉफ्टवेअर निवडताना

आजच्या भागात नोकरी, इंटरव्ह्यू, पगार यातलं काहीच नाही. आज मामाजींच्या एका फोनची गोष्ट सांगतो. फोन शुक्रवारी रात्री आला होता. मी ऑफिसचा कॉल संपवून जेवायला बसणार, तेवढ्यात.

"अबे बाबू, तुह्या ॲपनं वचन खाल्लं."

"कोणतं, मामाजी?"

"योहान, अध्याय पाच. तीन झालं का सीधं पाचच येते. पुस्तकात चार हाय, फोनात नाही. रविवारी मंडळीले काय सांगू मी?"

मामाजी म्हणजे माझ्या आईचे भाऊ. शाळेतून रिटायर झालेत. इथंच वणीत एका छोट्या मंडळीत रविवारी संदेश देतात, मानधन वगैरे काही नाही. वणी म्हटलं की बाहेरच्या लोकांना कोळशाच्या खाणी आणि ट्रक आठवतात. पण आपल्याच जिल्ह्यात, यवतमाळला, १९५३ पासून युनियन बिब्लिकल सेमिनरी होती, हे आपल्या वयाच्या फार थोड्या पोरांना माहीत असेल. १९८३ मध्ये ती पुण्याला गेली. तेव्हापासून वणीच्या माणसाला ग्रीक कोश उघडून एक शब्द बघायचा असेल, तर पुण्याची गाडी पकडा, नाहीतर फोन उघडा.

मामाजींनी फोन उघडला होता, चार वर्षांपूर्वीच. एका पेड ॲपमध्ये ते संदेशाच्या नोट्स लिहायचे, दर आठवड्याला. मग फोन बदलला. नव्या फोनवर ते ॲप मिळेना, आणि जुन्यातून नोट्स बाहेर काढायची सोयच नव्हती. चार वर्षांचं लिखाण गेलं. ते मला काही बोलले नाहीत. फक्त दोनशे पानी वही विकत आणली. तेव्हा मी म्हणालो, थांबा, या वेळी मी निवडून देतो. आणि मी निवडून दिलेल्या ॲपमधून आता वचन गायब! माझी काय अवस्था झाली असेल बघा.

मी इंजिनिअर, त्यामुळे पहिला संशय बगवर. मोड्यूल काढलं, परत टाकलं. तेच. दुसऱ्या ॲपमध्ये तोच ग्रीक मजकूर उघडला. तिथंही तीन, मग पाच. बग रिपोर्ट अर्धा लिहून झाला होता, आणि मग सुचलं की आधी या मजकुराची माहिती तरी वाचावी. ती मी आधी वाचलीच नव्हती. डाउनलोड केलं आणि दिलं, बस.

तो मजकूर होता एसबीएल ग्रीक नवा करार, २०१० चा, मोफत मिळणारा. त्यात चौथं वचन नाही, कारण संपादकाने ते मुद्दाम बाहेर ठेवलंय. चौथ्या शतकातल्या सिनायटिकस आणि व्हॅटिकनस या दोन मोठ्या हस्तलिखितांत ते नाही. त्यांच्याहून जुन्या मानल्या जाणाऱ्या पपायरसच्या प्रतींतही नाही. पाचव्या शतकातल्या ॲलेक्झांड्रिनसमध्ये आहे, आणि पुढच्या बहुतेक प्रतींमध्ये आहे.

प्रसंग असा आहे. यरुशलेममधलं एक तळं, काठावर आजारी माणसं पडलेली. येशू एका माणसाला विचारतो, तुला बरं व्हायचंय का? तो अडतीस वर्षं आजारी. तो सातव्या वचनात म्हणतो की पाणी हलतं तेव्हा मला तळ्यात सोडायला कोणी नाही. आता वाचणाऱ्याला प्रश्न पडतो, पाणी हलण्याचा काय संबंध? त्याचं उत्तर चौथ्या वचनात आहे: देवदूत येऊन पाणी हलवायचा, आणि जो पहिला उतरेल तो बरा व्हायचा. अभ्यासकांचा सर्वसाधारण अंदाज असा की कोणीतरी ही माहिती स्पष्टीकरण म्हणून लिहिली, आणि नक्कल करताना ती मजकुरात शिरली. आपल्या भाषेत सांगायचं तर कॉमेंट होती, ती कोडमध्ये मर्ज झाली.

मग आकडा का गळला? कारण वचनांचे आकडे फार उशिरा आले. रोबेर एस्तिएन नावाच्या छापणाऱ्याने १५५१ मध्ये ते ग्रीक नव्या कराराला लावले, आणि त्याच्या प्रतीत हे वचन होतं. पुढे संपादकांनी वचन काढलं, पण बाकीचे आकडे हलवले नाहीत. डेटाबेसमधली ओळ डिलीट केली तरी पुढच्या ओळींचे आयडी तसेच राहतात ना, तसं.

यात दचकण्यासारखं काही नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढली, १९१९ ते १९६६ अशी सत्तेचाळीस वर्षं लागली. व्यास सांगतात आणि गणपती लिहून घेतो ही कथा आपल्याला पहिलीपासून माहीत. त्या आवृत्तीत ती मुख्य मजकुरात नाही, परिशिष्टात आहे. कारण तेच: सगळ्या हस्तलिखितांत ती नव्हती.

तर मला उमगलेली पहिली गोष्ट ही. आपण ॲप बघताना फीचर बघतो. डार्क मोड आहे का, ऑडिओ आहे का, रोज सकाळी नोटिफिकेशन येतं का. त्या ॲपच्या आत कुठली प्रत भरलीय, ती कोणी, कधी, कुठल्या हस्तलिखितांवरून तयार केली, हे बघत नाही. अभ्यासासाठी घेताय तर ते आधी बघा. ॲन्डबायबल असो, ई-स्वोर्ड असो, केंब्रिजच्या टिंडेल हाउसचं स्टेप बायबल असो, ही कपाटं आहेत. पुस्तकं आत वेगळीच असतात, आणि बऱ्याचदा सगळ्या कपाटांत तीच असतात.

आता संदर्भग्रंथ. इथं मी जरा जास्त बोलणार आहे, कारण सगळ्यात मोठा घोळ इथं होतो. मोफत मिळणारी पुस्तकं मोफत का असतात? कारण बहुतेकांचा कॉपीराइट संपलेला असतो. स्ट्राँगची शब्दसूची १८९० ची. थेअरचा ग्रीक कोश १८८६ चा. त्यानंतर इजिप्तच्या वाळूतून साध्या माणसांची ग्रीक पत्रं, पावत्या, करारनामे हजारोंनी बाहेर आले, आणि कित्येक शब्द रोजच्या बोलण्यात कसे वापरायचे ते तेव्हा कळलं. थेअरला ते कळणं शक्यच नव्हतं. २००० साली आलेल्या बाउअर-डँकरच्या कोशात ते आहे, पण त्याला पैसे पडतात. म्हणून पैसे खर्चायचेच असतील तर मी म्हणेन, शंभर जुन्या पुस्तकांचं पॅकेज घेऊ नका, एक चांगला नवा कोश घ्या. सेल लागला की ते पॅकेज फार स्वस्त वाटतं. त्यातली नव्वद पुस्तकं कोणी उघडत नाही.

दुसरी अडचण खास आपली, मराठी वाचणाऱ्यांची. स्ट्राँगचे क्रमांक इंग्रजी किंग जेम्सच्या शब्दांना जोडलेले आहेत. आम्ही उतरवलेल्या मराठी मजकुरांत शब्दांना क्रमांक नव्हते. म्हणजे मामाजी काय करायचे, मराठी वाचायचे, शेजारी इंग्रजी उघडायचे, इंग्रजी शब्दावर बोट ठेवायचे आणि ग्रीकवर पोचायचे. मधे एक इंग्रजीचं पूल.

आणि बोट ठेवलं की उत्तर मिळतं, त्यामुळे आपण थांबतो. एक उदाहरण देतो. योहानाच्या एकविसाव्या अध्यायात येशू पेत्राला तीनदा विचारतो, तुझं माझ्यावर प्रेम आहे का. पहिल्या दोन वेळा क्रियापद आगापाओ, स्ट्राँग क्रमांक २५. पेत्र उत्तर देतो फिलेओने, क्रमांक ५३६८. तिसऱ्या वेळी येशूही फिलेओ म्हणतो. यावर संदेश ठरलेला: एक दैवी प्रेम, दुसरं नुसती मैत्री, पेत्र कमी पडला. मामाजींनीही तो दिला होता.

मी त्यांना म्हटलं, कोश बंद करा, सर्च उघडा. दोन्ही क्रमांक पूर्ण योहानात शोधा. दहा मिनिटांत त्यांनीच पकडलं. पिता पुत्रावर प्रेम करतो हे तिसऱ्या अध्यायाच्या ३५ व्या वचनात आगापाओने आलंय, आणि पाचव्या अध्यायाच्या २० व्या वचनात तेच फिलेओने. म्हणजे योहान दोन्ही शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो. मामाजी बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "मंग तो संदेश मले वापस घ्या लागते." सॉफ्टवेअरचा खरा उपयोग हा आहे, आणि तो मोफत ॲपमध्येही होतो.

आता नोट्सचं. हे खरं तर मी सगळ्यात आधी सांगायला हवं होतं. बायबलवर्क्स हे अभ्यासकांचं लाडकं सॉफ्टवेअर होतं, १९९२ पासूनचं. जून २०१८ मध्ये कंपनी बंद झाली. इतकं नावाजलेलं बंद होतं, तर बाकीच्यांचं काय? म्हणून कुठलंही ॲप पक्कं करायच्या आधी एक नोट लिहा, तिची फाईल बाहेर काढा, दुसऱ्या फोनवर उघडून बघा. उघडली नाही तर त्या ॲपमध्ये वाचा खुशाल, लिहू नका.

मामाजींच्या फोनवर शेवटी काय आहे ते सांगतो. ॲन्डबायबल, ओपन सोर्स आहे, ऑफलाइन चालतं, बॅकअपची फाईल निघते. त्यात ग्रीक मजकूर आणि स्ट्राँग. मराठीसाठी २०१९ चं इंडियन रिव्हाइज्ड व्हर्जन, जे क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली आहे, म्हणून उद्या ॲप बंद पडलं तरी मजकूर दुसरीकडे नेता येतो. जुन्या मराठी भाषांतरातला शब्द अडला तर मोल्सवर्थचा कोश, शिकागो विद्यापीठाच्या साइटवर मोफत. आणि सिनायटिकसच्या साइटचा बुकमार्क, जिथं हस्तलिखिताच्या पानांचे फोटो आहेत. संदेशाच्या नोट्स मात्र साध्या टेक्स्ट फाईलमध्ये. वही पण आहेच. ती सोडा म्हणायची माझी हिंमत नाही. मी एकदा म्हटलं होतं, तर उत्तर आलं, "पंडिता रमाबाईनं केडगावले बसून हिब्रू-ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं. तिच्यापाशी कोणतं ॲप होतं?"

त्या रविवारी मी पण गेलो होतो. मामाजींनी कागदी पुस्तकातून चौथं वचन वाचलं, आणि मग सांगितलं की सगळ्यात जुन्या प्रतींत हे नाही. फोनवरचा सिनायटिकसचा फोटो पहिल्या रांगेपासून फिरवला. थोडी चुळबुळ झाली. एका म्हाताऱ्या काकूंनी विचारलं, "मंग पाणी हालतच नव्हतं का?"

"हालत होतं ना," मामाजी म्हणाले. "सातव्या वचनात तो आजारी माणूस सोताच सांगते. कोण हालवत होतं, ते तेवढं चौथ्यात हाय."

काकूंना ते पटलं की नाही, कळलं नाही. पण फोन त्यांनी लवकर पुढं दिला नाही, बोटांनी मोठा करून बघत होत्या.

आणि काल रात्री साडेदहाला परत फोन. "बाबू, जागा हायेस का? मार्क सोळा उघड. नवव्या वचनापासून इथं कंस काऊन दिला हाय?" ते प्रकरण मोठं आहे, बारा वचनांचं. पुढच्या भागात तेच घेऊ.