मूळ प्रतीची निगराणी

(गडचिरोली येथील एका प्रशिक्षण वर्गात सरपंच, शिक्षक व तालुका पातळीवरील कर्मचारी यांच्यासमोर दिलेले व्याख्यान)



मला आज ज्या विषयावर बोलावयाचे आहे, त्याचे तांत्रिक नाव लांबलचक आहे. सॉफ्टवेअरची बांधणी आपोआप करणाऱ्या सेवांसाठी जी आभासी यंत्रे लागतात, त्यांच्या मूळ प्रतींची देखभाल, असे ते नाव होय. ते ऐकून कोणी बिचकू नये. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी धानाची बांधी आहे, आणि धानाचे बियाणे राखणाऱ्याला हा विषय निम्मा अगोदरच ठाऊक असतो, अशी माझी समजूत आहे.

१९८३ साली शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात, नागभीड तालुक्यातील नांदेड या गावी, दादाजी खोब्रागडे यांना पटेल-३ या वाणाच्या पिकात काही निराळ्या लोंब्या दिसल्या. त्या त्यांनी वेगळ्या काढल्या, पुढे वर्षानुवर्षे वेगळ्या पेरल्या, आणि त्यातून जो बारीक तांदूळ निपजला तो त्या काळी घरोघरी हव्याशा वाटणाऱ्या घड्याळाच्या नावावरून एचएमटी म्हणून प्रसिद्ध झाला. दादाजी २०१८ साली निवर्तले. निवड करणाऱ्याची नजर आपण वाखाणतो. परंतु निवडलेले वेगळे राखण्याचे जे चिवट काम त्यांनी केले, त्याविषयी फारसे बोलले जात नाही. धान हे बहुतांशी स्वपरागी पीक. तरीही खळ्यावर, पोत्यात, आणि आदल्या हंगामात बांधीत सांडलेल्या दाण्यांतून भेसळ होतेच. म्हणूनच शास्त्राने पैदासकार बियाणे, त्यापासून पायाभूत आणि पायाभूतापासून प्रमाणित अशी साखळी घातली आहे. शेतकऱ्याच्या बांधीत भेसळ दिसली तर ती तेथे उपटून त्या हंगामापुरता निभाव लागतो. मुळात भेसळ असेल तर पुढच्या वर्षी तीच पुन्हा उगवते.

आता संगणकाकडे येऊ. आपण सेवा केंद्रात जो दाखला छापून घेतो, त्यामागे प्रोग्रामरने लिहिलेली हजारो ओळींची संहिता असते. ती जशीच्या तशी चालत नाही. तिची जुळणी करावी लागते, तपासणी करावी लागते, मग ती वापरासाठी पाठविली जाते. यालाच बांधणी म्हणतात. पूर्वी हे काम एखादा माणूस आपल्या संगणकावर करी. आता संहितेत एक ओळ बदलली की सेवा आपोआप एक नवे आभासी यंत्र उभे करते, त्यावर बांधणी व तपासणी करते आणि काम होताच ते यंत्र मोडून टाकते. आभासी यंत्र म्हणजे एका मोठ्या संगणकाच्या पोटात सॉफ्टवेअरच्या बळावर थाटलेला दुसरा संगणक. तो ज्या तयार नमुन्यावरून उभा राहतो, त्यास तंत्रज्ञ इमेज म्हणतात. मी मूळ प्रत म्हणेन. तीत कार्यप्रणाली, साधने, फॉन्ट, घड्याळाचा विभाग, सारे काही ठरवून ठेवलेले असते. दिवसातून शंभर यंत्रे उभी राहोत, ती सर्व याच एका प्रतीची लेकरे.

येथे मला माझ्याच हातून घडलेली एक चूक सांगितली पाहिजे. कार्यालयाचे नाव सांगत नाही. दोष माझा होता. आम्ही एका दाखल्याची छपाई करणारी सेवा सांभाळत होतो. कार्यक्रमात काही बदल नव्हता. मात्र मूळ प्रत जुनी झाली म्हणून आम्ही एक नवी, आटोपशीर प्रत घेतली. बांधणी यशस्वी झाली, सर्व तपासण्या उत्तीर्ण झाल्या, पडद्यावर हिरव्या खुणा दिसल्या. दुसऱ्या दिवशी एटापल्ली तालुक्यातील एका केंद्रावरून दूरध्वनी आला : दाखल्यावर नावाच्या जागी चौकोनी डबे उमटत आहेत. नव्या आटोपशीर प्रतीत देवनागरी फॉन्टच नव्हता. आमच्या साऱ्या तपासण्या इंग्रजी नावांच्या होत्या, त्यामुळे यंत्राला काही वावगे दिसलेच नाही.

मी त्या रात्री चालू यंत्रात शिरलो, हाताने फॉन्ट बसविला आणि निश्चिंत झोपलो. चार दिवस दाखले व्यवस्थित निघाले. पाचव्या दिवशी यंत्र नेमाप्रमाणे मूळ प्रतीवरून नव्याने उभे राहिले आणि डबे परत आले! बांधीतले झाड उपटून मी बियाणे तसेच ठेवले होते. त्या दुसऱ्या खेपेला एका मुलाचा वसतिगृह प्रवेशाचा दाखला अडकला. तो आतल्या गावाहून बसने आला होता. त्यास परत जावे लागले आणि दाखला हाती पडला तेव्हा अर्जाची मुदत संपलेली होती. ज्या फॉन्टवाचून हे झाले, तो मूळ प्रतीत घालण्यास मला पुढे दहा मिनिटे लागली.

तेव्हापासून मी एक नियम कटाक्षाने पाळतो. चालू यंत्र दुरुस्त करावयाचे नाही. मूळ प्रत दुरुस्त करून यंत्र नव्याने उभे करावयाचे. आणि मूळ प्रतही हाताने घडवावयाची नाही. कोणती कार्यप्रणाली, कोणत्या आवृत्तीची कोणती साधने, कोणते फॉन्ट, कोणत्या क्रमाने, हे सर्व एका फायलीत पाककृतीसारखे लिहून ठेवावे आणि त्या लिखाणावरून यंत्रानेच प्रत तयार करावी. पॅकर यासारखी साधने हेच काम करतात. माणूस बदलून गेला, तरी लिखाण राहते. आपल्या जिल्ह्यात बदल्या किती होतात, हे मी या सभेस सांगण्याची आवश्यकता नाही.

प्रत किती दिवसांनी नवी करावी, हा प्रश्न मात्र वाटतो तितका सोपा नाही. हयगयीचे उदाहरण पाहू. सेंटओएस ७ ही कार्यप्रणाली जगभर असंख्य यंत्रांवर होती. तिचे पाठबळ ३० जून २०२४ रोजी संपणार, हे कित्येक वर्षे अगोदर जाहीर झालेले होते. त्यानंतर तिची साधने पुरविणारा नेहमीचा पत्ता बंद झाला आणि काल चाललेली बांधणी आज एकाएकी बंद पडली. कोणी काही बिघडविले नव्हते; कॅलेंडर तेवढे कोणी पाहिले नव्हते.

उतावीळपणाचे उदाहरण त्याच वर्षीचे आहे. २९ मार्च २०२४ रोजी आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने जाहीर केले की एक्सझेड या फायली आकाराने लहान करणाऱ्या साधनाच्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरवाट दडविलेली आहे. दूरच्या यंत्रात प्रवेश मिळण्यास सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो, एवढ्या बारीक गोष्टीवरून त्यांनी माग काढला. चोरवाट जागी करणारा तुकडा बांधणीच्या सूचनांमध्ये लपविलेला होता. म्हणजे चोराने नेमके बांधणीचे ठिकाणच हेरले होते. ज्यांनी सर्वांत ताजी, चाचणीच्या अवस्थेतील प्रणाली घेतली होती, त्यांच्यापर्यंत ती पोहोचली. स्थिर आवृत्तीवर राहिलेले बचावले.

यावरून माझे मत असे बनले आहे : स्थिर आवृत्ती निवडावी, तिच्या सुरक्षेच्या दुरुस्त्या दर महिन्यास, आणि गंभीर असल्यास त्याच दिवशी, मूळ प्रतीत घ्याव्यात, आणि पाठबळ संपण्याच्या वर्षभर आधी पुढच्या आवृत्तीची पेरणी वेगळ्या बांधीत करून पाहावी. उबंटूची दीर्घ पाठबळाची आवृत्ती दर दोन वर्षांनी येते व तिला पाच वर्षांचे नियमित पाठबळ असते. म्हणजे घाई करण्याचे कारण नाही आणि झोपी जाण्यासही सवलत नाही. प्रत्येक प्रतीस तारीख आणि क्रमांक असावा. 'नवीनतम' एवढेच नाव दिलेली प्रत ही चिठ्ठी नसलेल्या पोत्यासारखी असते. जुन्या प्रती काही काळ जपाव्यात, कारण मागे निघालेल्या एखाद्या दाखल्याची शहानिशा करण्याचा प्रसंग येतो. मात्र त्या कुलुपात ठेवाव्यात, कामाला लावू नयेत. प्रतीत पासवर्ड कधीही ठेवू नये; जितकी लेकरे तितक्या ठिकाणी तो उघडा पडतो.

घड्याळाचीही एक गंमत आहे. बहुतेक तयार प्रतींचे घड्याळ जागतिक वेळेवर लावलेले असते. ती वेळ आपल्यामागे साडेपाच तास. रात्री बारा ते पहाटे साडेपाच या वेळात काढलेल्या यादीवर आदल्या दिवसाची तारीख पडते, आणि मुदतीच्या दिवशी ही गंमत राहत नाही.

शिक्षक मंडळींनी हे सारे आपल्या शाळेत पाहिलेले आहे. संगणक कक्षातील एक यंत्र नीट लावून त्याची नक्कल इतर दहा यंत्रांवर उतरविली जाते. त्या पहिल्या यंत्रात विषाणू असला, तर अकरा यंत्रांत विषाणू. विंडोज ७ चे पाठबळ जानेवारी २०२० मध्ये आणि विंडोज १० चे नियमित पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. आपल्या कक्षातील नक्कल कोणत्या वर्षीच्या मूळ यंत्राची आहे, हे उद्या शाळेत गेल्यावर अवश्य पाहावे.

भामरागडसारख्या भागाचा विचार निराळा करावा लागतो. पर्लकोटेला पूर आला की रस्ता तुटतो, संपर्काचाही भरवसा नसतो. पूर्ण प्रत कित्येक गिगाबाइटची, ती तेथे उतरणार कशी? लिखित कृती मात्र दोन-चार पानांची असते. ती कोठेही पोहोचते. त्या कृतीस लागणाऱ्या साधनांचा साठा पावसाळ्यापूर्वी स्थानिक डिस्कवर भरून ठेवला, तर प्रत तेथल्या तेथे घडविता येते. धान्याच्या साठ्याची तजवीज आपण पावसाळ्याआधी करतोच.

आपल्यापैकी कोणासही ही कामे स्वतः करावयाची नाहीत, याची मला कल्पना आहे. परंतु सॉफ्टवेअर पुरविणारा आपल्या दारी येतो, करारावर आपली सही घेतो. त्यास विचारा : तुमची मूळ प्रत कोणत्या तारखेची? तिची कृती लिहिलेली आहे काय, आणि करार संपल्यावर ती आमच्याकडे राहील काय? तपासणीत जोडाक्षरांची मराठी नावे आहेत काय? आणि प्रतीची जबाबदारी नेमकी कोणत्या व्यक्तीवर आहे? शेवटच्या प्रश्नास 'आमची टीम पाहते' असे उत्तर मिळाले, तर नाव मिळेपर्यंत सही थांबवावी.

तपासणीसाठी मी नावांची एक यादी करून आणली आहे. तीत मडावी, आत्राम, कोडापे, लक्ष्मी, श्रीकृष्ण, पऱ्हाटे अशी नावे आहेत. आपल्या गावच्या मतदार यादीत यंत्राला अवघड जातील अशी आणखी नावे असतील, तर चहाच्या वेळी मला लिहून द्यावीत.