कमावलेला वाटा बुडू नये

(ज्ञातिसंघाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



मॅट्रिकपलीकडे न गेलेल्या सेवानिवृत्त शिक्षकाने कंपन्यांच्या समभागांविषयी बोलावे, हे कित्येकांस अप्रस्तुत वाटेल. परंतु आमचे अनेक विद्यार्थी आज स्टार्टअप म्हणविणाऱ्या नवोद्योगांत नोकरीस आहेत. आणि आपल्या वधूवर मेळाव्यांत वराच्या वेतनात ‘ईसॉप’ची रक्कमही बेधडक मिळविली जाते. म्हणून ही वस्तू आहे तरी काय, हे जाणून घेणे अगत्याचे आहे.

ईसॉप म्हणजे समभाग नव्हेत. ठरलेल्या किमतीस पुढे समभाग विकत घेण्याचा तो हक्क होय. तो मिळाल्यापासून निदान एक वर्ष लोटल्यावाचून पक्का होत नाही, असा २०१४ च्या नियमांचा दंडक आहे. पुष्कळ कंपन्या तो चार वर्षांत टप्प्याटप्प्याने पक्का करतात. पुण्यात १९८१ साली स्थापन झालेल्या इन्फोसिसने १९९४ मध्ये अशी योजना आणली आणि अनेक सामान्य नोकरदारांच्या घरी लक्ष्मी आली. कल्पना मुळात उत्तमच आहे.

आता आमच्या एका विद्यार्थ्याची हकीकत ऐका. तीन वर्षे रात्रीचा दिवस करून त्याने ३,६०० समभागांचा हक्क पक्का केला. दर समभागास वीस रुपये भरावयाचे होते. पुढे वडिलांच्या आजारपणामुळे त्यास नोकरी सोडून गावी यावे लागले. कंपनीने कळविले, नव्वद दिवसांत समभाग घ्या, नाही तर हक्क संपला. त्या वेळी समभागाचे मूल्य २२० रुपये धरलेले होते. म्हणजे किमतीचे ७२,००० रुपये. शिवाय ७,२०,००० रुपयांचा फरक वेतनासमान मानून त्यावर तीस टक्क्यांनी २,१६,००० रुपये कर. एकूण २,८८,००० रुपये, आणि तेही बाजारात विकता न येणाऱ्या कागदासाठी! काही मान्यताप्राप्त नवोद्योगांतील नोकरांस २०२० पासून हा कर लांबविण्याची सवलत आहे. पण नोकरी सुटताच तीही सुटते. मुलाजवळ पैसा नव्हता. हक्क बुडाला. धनिकाच्या मुलाने तो रक्कम भरून राखला असता. सारख्याच घामाचे फळ एकास मिळावे व दुसऱ्यास केवळ दारिद्र्यामुळे नाकारले जावे, यास न्याय कसे म्हणावे?

ही नव्वद दिवसांची मुदत आपल्या कायद्याने घातलेली नाही. पक्का झालेला हक्क नोकरी सोडल्यावर किती काळ वापरता येईल, हे ठरविणे कायद्याने कंपनीवरच सोपविले आहे. अमेरिकेतील पिंटरेस्ट कंपनीने २०१५ मध्ये दोन वर्षे सेवा झालेल्यांस सात वर्षांची मुदत दिली. मन मोठे असले की मुदतही मोठी होते!

आपल्या ज्ञातीतील जे तरुण स्वतः नवोद्योग चालवितात, त्यांस आमची हात जोडून विनंती आहे. नोकरास नुसता आकडा सांगू नका. कंपनीच्या एकूण समभागांपैकी तो कितवा हिस्सा, हेही सांगा. कराचा बोजा आरंभीच समजावून द्या. आणि सेवेने पक्का झालेला हक्क, नोकर गेला तरी, काही वर्षे शाबूत ठेवा.

नोकरी करणाऱ्या मुलामुलींनी सही करण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत: नोकरी सोडल्यास मुदत किती? काढून टाकल्यास काय? समभाग विकता केव्हा येतील? सेवेत असताना मृत्यू आल्यास दिलेले सर्व हक्क वारसास मिळतात, असा नियम आहे. तेव्हा हे कागद घरच्यांसही दाखवून ठेवावेत. आणि वधूपित्यांनी ही रक्कम हाती आल्यावाचून वेतनात मोजू नये.

पेरणाऱ्यास पिकाचा वाटा मिळावा, हा आपल्या शिवारातला जुना न्याय. तो नव्या कचेऱ्यांतही पाळला जावो, एवढी इच्छा व्यक्त करून आम्ही आपली रजा घेतो.