सातासमुद्रापलीकडची ड्यूटी



खान्देशातल्या दोंडाईचा, शिंदखेडा, शिरपूर या पट्ट्यात पहाटे रस्त्याच्या कडेनं भरतीची तयारी करणारी पोरं धावताना दिसतात. त्यांतली काही फौजेत जातात, आणि गेलेल्यांपैकी काहींवर एक दिवस संयुक्त राष्ट्रांची निळी टोपी घालून परदेशात उभं राहायची वेळ येते. काश्मीर, सियाचीन, तवांग ही नावं घरच्यांच्या कानांवर असतात. दक्षिण सुदानमधलं ‘मलाकाल’ म्हटल्यावर मात्र माय विचारते, तिथं खातोस काय? परदेशी तैनात झालेल्या शिपायाचं आयुष्य समजून घ्यायला हा प्रश्न फार उपयोगाचा आहे. लढाईचे दिवस मोजके असतात. बाकीचे सगळे दिवस पहारा, लंगर, पाणी, चिखल, थंडी आणि घरच्या खबरीची वाट पाहणं यांत जातात. शौर्यकथा सांगताना हे दिवस आपण वगळतो आणि त्यामुळे शिपाई आपल्याला अर्धाच कळतो.

हे वगळलेले दिवस पाहण्यासाठी एका मराठा पलटणीचा माग काढता येतो. पहिल्या महायुद्धात तिचं नाव होतं ११० वी मराठा लाइट इन्फन्ट्री. ६ व्या पुणे डिव्हिजनबरोबर ती आजच्या इराकमध्ये गेली. तैग्रिस नदीच्या काठी कुत-अल-अमारा नावाचं गाव आहे. तिथं डिसेंबर १९१५ पासून तुर्की फौजेनं या डिव्हिजनला वेढा घातला, तो १४७ दिवस चालला. गावात धान्याचा साठा सापडला, पण ते दळायचं कसं? तेव्हा विमानातून हवाई छत्रीला बांधून जात्याचे दगड खाली सोडण्यात आले. विमानं अजून बाल्यावस्थेत होती. विमानांतून पुढे पिठाची पोतीही टाकली गेली, काही नदीत पडली, काही शत्रूच्या हाती लागली.

शिधा आटत गेला तसे घोडे कापले जाऊ लागले. गोऱ्या शिपायांनी ते मांस खाल्लं. हिंदी शिपायांनी कितीतरी आठवडे त्याला हात लावला नाही. एक तर धर्म, आणि दुसरी भीती अशी की, गावाकडे ही बातमी पोहोचली तर भाऊबंद पंगतीला घेणार नाहीत, मुलाबाळांची लग्नं अडतील. हिरड्या सुजल्या, माणसं स्कर्व्हीनं खंगली. खायला हरकत नाही, असे धर्मगुरूंचे निरोप हिंदुस्थानातून मागवावे लागले. हजारो मैलांवर, तोफांच्या माऱ्याखाली बसलेला शिपाई ताटाकडे पाहताना गावाचाच विचार करत होता. २९ एप्रिल १९१६ ला कुत पडलं. सुमारे १३ हजार माणसं कैदेत गेली आणि त्यांतली हजारो परतली नाहीत.

पुढे हीच पलटण ५ व्या मराठा रेजिमेंटची तिसरी बटालियन झाली. १९४१ साली ती इरिट्रियातल्या केरेनच्या डोंगरावर लढली, नंतर इटलीत गेली. तिथं १० जुलै १९४४ रोजी रायगड जिल्ह्यातल्या पळसगावचे नायक यशवंत घाडगे यांनी एकट्यानं मशीनगनचा मोर्चा घेतला आणि तिथंच ते पडले. वय अवघं २२. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेलं हे नाव आजही सांगितलं जातं, आणि सांगितलं जायलाच हवं. पण त्या दिवसाआधी इटलीच्या चिखलात त्यांनी काढलेले महिने कुणी लिहून ठेवलेले नाहीत.

स्वातंत्र्यानंतर या पलटणीचं नाव पुन्हा बदललं आणि ती २ पॅरा, म्हणजे पॅराशूट रेजिमेंटची मराठा बटालियन झाली. १९५३ साली तिच्या वाट्याला आला कोरिया. तिथलं युद्ध थांबलं होतं, पण मायदेशी परत जायला नकार देणारे २२ हजारांहून अधिक चिनी आणि उत्तर कोरियाई युद्धकैदी उरले होते. त्यांना सांभाळायला तटस्थ देश म्हणून भारतानं सुमारे ६ हजारांची फौज पाठवली. तिचे प्रमुख होते मेजर जनरल शंकरराव थोरात, कोल्हापूर जिल्ह्यातल्या वडगावचे.

दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन ऱ्ही यांनी बजावलं की, भारतीय शिपायाचं पाऊल आमच्या भूमीवर पडता कामा नये. मग इंचॉन बंदराबाहेर जहाजं उभी राहिली आणि तिथून अमेरिकन हेलिकॉप्टरांनी आपल्या जवानांना थेट निर्लष्करी पट्ट्यात नेऊन उतरवलं. खेड्यापाड्यातल्या किती जणांनी तोवर हेलिकॉप्टर जवळून पाहिलं असेल! तिथं राहुट्यांची एक वसाहत उभी राहिली. तिला नाव दिलं हिंदनगर.

या मोहिमेतली रोजची ड्यूटी बंदुकीपेक्षा संयमाची होती. काटेरी तारांच्या आवारांत कैदी घोषणा देत, झेंडे नाचवत, शिव्या देत, दगडही मारत. जवानांनी पहारा द्यायचा, मोजदाद करायची, अन्न पोहोचवायचं आणि हात आवरायचा. सप्टेंबरमध्ये कैद्यांनी मेजर ग्रेवाल यांना आत ओढून ओलीस धरलं, तेव्हा थोरात स्वतः त्या जमावात गेले, बोलले, आणि ग्रेवाल यांना सोडवून बाहेर घेऊन आले. दर वेळी इतकं निभावलं नाही. ऑक्टोबरच्या सुरुवातीला गोळीबार करावा लागला आणि काही कैदी मेले. वर हिवाळा असा की पारा शून्याच्या खूप खाली. मे महिन्यात ४५ अंश सोसणाऱ्या खान्देशच्या माणसाला त्या थंडीची कल्पना करणंही जड जाईल.

या फौजेची पत्रं पाहण्यासारखी आहेत. भारत सरकारनं १९५३ साली खास तिच्यासाठी आपल्या नेहमीच्या तिकिटांवर देवनागरीत काळा छाप मारून घेतला: ‘भारतीय संरक्षा कटक कोरिया’. साधं टपालाचं तिकीट, त्यावर लेण्यामंदिरांचं नाहीतर शिल्पाचं चित्र आणि वर हे चार शब्द. १९६२ मध्ये काँगोतल्या फौजेसाठी आणि १९६५ मध्ये गाझातल्या फौजेसाठीही अशी छापील तिकिटं निघाली. फौजेचं फील्ड पोस्ट ऑफिस पलटणीबरोबर जातं. असं खास तिकीट नसलं, तर पत्र लिहिणारा कुठल्या देशात बसलाय हे पाकिटावर कळत नाही, दिसतो फक्त क्रमांक आणि ‘५६ एपीओ’.

महायुद्धांच्या काळात तर पुष्कळ शिपायांना लिहिता येत नसे. पत्र सोबत्याकडून लिहून घ्यायचं, ते सेन्सॉरच्या डोळ्याखालून जायचं आणि गावात ते मास्तर मोठ्यानं वाचून दाखवायचे. बायकोला मनातलं सांगायला जागाच नाही. म्हणून त्या पत्रांत पाऊस, पीक, बैल, देणं-घेणं हेच जास्त. ते कोरडं वाटतं, पण दूरच्या माणसाला घराशी बांधून ठेवणारे धागे हेच होते.

आता आजचं पाहू. १९५० पासून भारतानं ५० हून अधिक शांतिमोहिमांत मिळून अडीच लाखांहून जास्त माणसं पाठवली आहेत. दक्षिण सुदानमधलं मलाकाल पांढऱ्या नाईलच्या काठी आहे. तिथली जमीन आपल्यासारखीच काळी, चिकट. पाऊस लागला की रस्ते महिनोन्‌महिने बंद, गाड्या रुतलेल्या. तापीकाठच्या शेतकऱ्याच्या पोराला हा चिखल नवा नाही, पण तिथं त्याच्यातून संयुक्त राष्ट्रांची पांढरी गाडी बाहेर काढायची असते, आणि ती अडली तर पुढच्या वस्तीपर्यंत गस्त पोहोचत नाही. राहायला कंटेनरच्या खोल्या, वीज जनरेटरची, रात्री मच्छरदाणी सक्तीची, मलेरियाची गोळी चुकवायची नाही. शिधा संयुक्त राष्ट्रांच्या ठेकेदाराकडून येतो. लंगरात डाळ, भात, पोळी मिळते, पण चव घरची नसते. त्यामुळे बॅगेत दोंडाईच्याच्या लाल मिरचीचं तिखट आणि शेंगदाण्याची चटणी असली की त्या खोलीत मित्र वाढतात.

लेबनॉनच्या दक्षिणेतल्या भारतीय बटालियनबरोबर जनावरांचा डॉक्टरही असतो. तिथले शेतकरी आपल्या शेळ्यामेंढ्या, गाई घेऊन त्याच्याकडे येतात. परक्या गावाचा विश्वास असाच मिळतो, आणि गस्तीवरच्या जवानाच्या सुरक्षेला तो चिलखताइतकाच उपयोगी पडतो.

धोका नाही असं मात्र नाही. ९ एप्रिल २०१३ रोजी दक्षिण सुदानमध्ये गुमुरुकजवळ ताफ्यावर हल्ला झाला, त्यात पाच भारतीय जवान गेले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अकोबोच्या तळावर आसऱ्याला आलेल्या सामान्य लोकांना वाचवताना आणखी दोन.

हल्ली पत्राची जागा व्हिडिओ कॉलनं घेतली आहे. आपलं घड्याळ दक्षिण सुदानच्या साडेतीन तास पुढे. दोंडाईच्यात रात्रीची नऊची जेवणं उरकतात, तेव्हा तिथं साडेपाच वाजलेले असतात आणि संध्याकाळची गारद बदलायची वेळ आलेली असते. ज्या घरांत असा फोन येतो, त्यांना एक विनंती. घरातली भांडणं, कर्जाचा हप्ता, कुणाचं आजारपण हे लपवू नका, पण ड्यूटीवर जायच्या पाच मिनिटं आधी सांगू नका. आधी विचारा, आता मोकळा आहेस का? तो तिथून काही करू शकत नाही आणि रात्रभर त्याला डोळे उघडे ठेवायचे असतात.

आणि ज्यांच्या माळ्यावर आजोबा-पणजोबांची फौजेतली ट्रंक आहे, त्यांनी तिच्यातली पत्रं, पाकिटं, फोटो रद्दीत घालू नयेत. पाकिटावरचं तिकीट कापून काढू नका. शिक्का आणि तिकीट एकत्र राहिलं तरच पलटण कधी, कुठं होती ते कळतं. फोटोच्या मागे पेन्सिलनं नाव, युनिट, देश आणि साल लिहा. गावात कोणी म्हातारे माजी सैनिक असतील, तर मोबाइल समोर ठेवून त्यांचं बोलणं त्यांच्या परवानगीनं नोंदवून घ्या. येत्या सुट्टीत हे काम हातावेगळं करा.